आरपार वारा आणि स्तामेंकाबाईंची मेणबत्ती

मला फक्त दाराखालची फट बुजवायची होती. बास, एवढंच. जानेवारीचे दिवस, डॅन्यूब काठाकाठाने गोठत आलेली, आणि माझ्या मेणबत्तीच्या कारखान्यात दाराखालून वाऱ्याची एक बारीक शीळ घुसायची. कारखाना म्हणजे आमच्या घरामागच्या अंगणातली एक खोली. पण पाटीवर 'कारखाना' असं लिहिलेलं आहे आणि पाटी मी स्वतः रंगवलेली आहे, तेव्हा मी कारखानाच म्हणणार.

वारा आणि मेणबत्ती यांचं पटत नाही, हे काय सांगायचं? वात पातळ मेणात बुडवायची, वर काढायची, थर धरला की परत बुडवायची. ऐन त्या वेळी एका अंगाने वारा लागला की मेणबत्ती केळ्यासारखी वाकते. शिवाय आमच्या देशात वारा हा नुसता वारा नसतो. समोरासमोरच्या दोन फटींतून जो आरपार वारा वाहतो, तो माणसाला मारतो. हे इथे प्रत्येकाला जन्मतःच ठाऊक असतं. मान आखडणं, दाढदुखी, मुतखडा, अर्धशिशी, पोरांचं परीक्षेत नापास होणं, सगळं त्यातूनच. आमच्याकडे राजे आले नि गेले, पक्ष आले नि गेले, देशाचं नावसुद्धा दोन-चार वेळा बदललं, पण आरपार वाऱ्याच्या बाबतीत डॉक्टर आणि पाद्री, डावे आणि उजवे यांच्यात कधी मतभेद झाल्याचं मला आठवत नाही.

मी गुडघ्यावर बसून दाराला नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी ठोकत होतो, तेवढ्यात सासूबाई येऊन मागे उभ्या राहिल्या. माझ्या सासूबाई विदोसावा. बारीक अंगाच्या, काळ्या रुमालातल्या. त्या मागे उभ्या राहिल्या की माझ्या हातातला हातोडा आपोआप बोटावर पडतो.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "फट बुजवलीत हे झक्क केलंत. आता ते शेगडीमागचं भोक बुजवा. खरा आरपार वारा तिथूनच येतो."

माझी शेगडी म्हणजे भिंतीला टेकून उभी असलेली विटांची, बाहेरून हिरव्या फरशांची, माणसापेक्षा उंच अशी जुनी शेगडी. ती सासऱ्यांनी बांधलेली. तिच्यामागे भिंतीला मुठीएवढं भोक होतं, तेही त्यांनीच ठेवलेलं.

"आई, बाबांनी काहीतरी कारणानेच ठेवलं असेल ना ते?" माझी बायको देसांका म्हणाली.

"तुझ्या बाबांनी आयुष्यात कारणाने काय ठेवलं होतं? आणि गेले कशाने ते? मानेला वारा लागून."

"आई, ते ट्रॅक्टरवरून पडले."

"मानेला वारा लागला म्हणूनच पडले!"

झालं. मी भोकात दोन जुने लोकरी मोजे कोंबले, वरून गिलावा मारला आणि पांढरा रंगही दिला. संध्याकाळी सगळी गल्ली बघायला आली. शेजारचा मिलुतिन बोट ओलं करून दाराच्या कडेकडेने फिरवत राहिला. मिलुतिन हा निवृत्त बसड्रायव्हर. भर ऑगस्टमध्येसुद्धा त्याने बसची एक खिडकी कधी कुणाला उघडू दिली नाही, लोक घामाने निथळत पण निरोगी उतरत, अशी त्याची ख्याती. तो म्हणाला, "मेस्त्री, ही खोली नाही राहिली. ही लोणच्याची बरणी झाली." इतकं कौतुक मला लग्नातही मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेगडी पेटवली तर सगळा धूर खोलीत. लाकडं नुसती धुमसतायत, ज्वाळा म्हणून नाही. त्या भोकातून शेगडीला हवा मिळत होती, हे आज मी शाळेतल्या पोरासारखं धडाधडा सांगू शकतो. पण त्या वेळी अख्ख्या गल्लीत एकाच्याही डोक्यात ते आलं नाही. येणार कसं? हवा कमी पडल्याने काही बिघडू शकतं हा विचारच आमच्या रक्तात नाही.

त्याच धुरात खोकत खोकत स्तामेंकाबाई आल्या.

स्तामेंकाबाई आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. त्यांचे यजमान स्वेतोझार गेल्या वसंतात गेले. आमच्याकडे प्रत्येक घराचा आपला एक संत असतो, त्यांच्या घरचा संत योवान. योवानदानला, म्हणजे त्या संताच्या सणाला, घरधन्याने मोठी मेणबत्ती पेटवायची, पाद्रीबाबांबरोबर पोळा, म्हणजे सणाचा गोल पाव, हातात धरून फिरवायचा, असं बापाकडून मुलाकडे चालत आलेलं. स्वेतोझारला मुलगा नव्हता. मुलगी होती, ती हंगेरीत दिलेली. त्यामुळे गल्लीतले लोक मान हलवून म्हणायचे, त्या घरची मेणबत्ती आता विझली, म्हणजे वंश संपला. असं कुठल्या घराबद्दल म्हणणं म्हणजे आमच्याकडे शेवटचं बोलणं असतं. त्यापुढे बोलायला काही उरत नाही.

"मेस्त्री," बाई रुमालाच्या टोकाने डोळे पुसत म्हणाल्या, "दरवर्षीएवढीच उंच हवी. बोटभरही कमी नको. यंदा मीच पेटवणार आहे."

"तुम्ही?"

"मग काय, मांजर पेटवेल?" त्या म्हणाल्या, आणि मग जरा खालच्या आवाजात, "फक्त तडा नको हो. लोक टपून बसलेत. एवढासा तडा दिसला ना, तर म्हणतील, बघा, संतालाच मान्य नाही."

"बाई, माझ्या मेणबत्तीला आजवर कधी तडा गेलाय?" मी छाती काढून विचारलं, आणि धुराने ठसका लागून पाच मिनिटं खोकलो.

मग सल्ले सुरू झाले. मिलुतिन म्हणाला, धुराड्यात कावळ्याने घरटं केलंय. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. देसांका म्हणाली, धुराडे-खात्यात जाऊन ये. आमच्या नगरपालिकेत धुराड्यांचं वेगळं खातं आहे. त्यांच्या माणसाशिवाय धुराड्याला कुणी हात लावायचा नाही, असा नियम.

खात्यातल्या खिडकीमागे एक जाड शालीतल्या बाई बसल्या होत्या. खिडकीला बोलण्यासाठी खाली जी चीर असते, ती त्यांनी चिकटपट्टीने बंद केली होती. वारा लागतो म्हणून. त्यामुळे आम्ही काचेच्या दोन बाजूंनी एकमेकांवर ओरडत होतो आणि मागची रांग मन लावून ऐकत होती.

"काय होतंय?" बाई ओरडल्या.

"धूर आत येतोय!"

"कुणाच्या आत?"

"कारखान्याच्या!"

त्यांनी नकाशा काढला, बराच वेळ बोट फिरवलं आणि ओरडल्या, "तुमच्याकडे धुराडं नाहीये!"

"अहो, घरी आहे ना! विटांचं आहे!"

"नकाशात कोंबड्यांचं खुराडं दाखवलंय! खुराड्याला धुराडं नसतं!"

रांगेतल्या लोकांनी माझ्याकडे कोंबडं बघावं तसं बघितलं. मी पाटीबद्दल काही सांगणार होतो, पण पाटीबद्दल ओरडून सांगण्यात काही शान नसते. शेवटी बाईंना दया आली. खुराड्यासाठी म्हणून का होईना, त्यांनी माणूस पाठवला.

तो माणूस म्हणजे गोयको. काळे कपडे, खांद्यावर दोरी नि ब्रश. आता धुराडी साफ करणारा दिसला की कोटाचं बटण धरायचं, म्हणजे नशीब उघडतं, हे सगळे जाणतात. त्यामुळे गोयको गल्लीत शिरल्यापासून दोन्ही बाजूंनी माणसं बटणं धरून उभी. सासूबाईंच्या झग्याला बटण नव्हतं, त्यांनी माझं धरलं. बटण धरलेल्या माणसाला शिडी धरता येत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. गोयको एकटाच वर चढला, घसरत खाली आला, आणि त्याने रागाच्या भरात शेगडीची नळीच सोडवायला घेतली. नळीचा बाक, म्हणजे वळणाचा तुकडा, होता सासऱ्यांच्या काळचा. तो त्याच्या हातात आला आणि खळ्‌कन दोन तुकडे झाला.

"असा बाक आता मिळत नाही," गोयको आदराने म्हणाला. "काय ओतलेलं लोखंड आहे! वा!"

"मग पुढे काय?"

"बनवून मिळेल. सणवार उलटले की."

आमच्याकडे जानेवारीत सण एवढे असतात की कामाचा दिवस त्यांच्या सांदीकोपऱ्यात शोधावा लागतो. गोयको दोन तुकडे नीट कागदात बांधून घेऊन गेला. शेगडीला आता धूरही येत नव्हता, कारण तिला नळीच नव्हती. ती नुसती हिरवीगार, देखणी उभी होती.

आणि मग थंडी पडली. थंडी मी जन्मभर बघितली आहे, पण बंद दाराआड, फट ना भोक अशा खोलीत ती कशी येऊन बसते हे मी कधी बघितलं नव्हतं. येताना तिचा आवाज नाही की काही नाही. सकाळी बघतो तर खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फाची झाडं उगवलेली, पानं, देठ, शिरा, सगळं. पाण्याच्या बादलीला भिंग बसलेलं. टांगलेल्या वातींवर पांढरी लव आलेली. मी हात काखेत घालून बराच वेळ तोंड उघडं ठेवून बघत राहिलो. खोटं कशाला बोलू, चिडायचं राहूनच गेलं. एवढं सुंदर माझ्या हातून कधी काही झालं नव्हतं.

मेण वितळवायची टाकी गॅसवर चालते, ती ठीक होती. टाकी जमिनीत खोल पुरलेली, उंच मेणबत्तीसाठी. ती उचलून स्वयंपाकघरात नेता येत नाही. मी स्तामेंकाबाईंची वात बुडवायला घेतली. थर चढले, मेणबत्ती अंगाने भरली, सोनेरी दिसायला लागली. आणि गार हवेत टांगली तशी 'टक्‌' असा आवाज झाला. वरपासून खालपर्यंत एकच तडा, केसाएवढा, सरळ. दुसरी केली, तिलाही गेला. तिसरी केली, ती तर टांगेपर्यंतसुद्धा थांबली नाही.

योवानदान दुसऱ्या दिवशी होता. स्तामेंकाबाई दर तासाला येऊन कुंपणापलीकडे उभ्या राहायच्या, विचारायच्या काही नाहीत, नुसत्या बघून जायच्या. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दिवस मावळताना मिलुतिन विजेच्या दोन शेगड्या घेऊन आला. "मेस्त्री, मी असताना काळजी कसली?" असं म्हणून त्याने दोन्ही एकदम लावल्या. एक निळा भपका झाला आणि आमच्या कारखान्यातलीच नव्हे, सगळ्या गल्लीतली वीज गेली.

मग माणसं यायला लागली. आधी शिव्या द्यायला आली. मग कुणीतरी म्हणालं, घरी अंधारात बसून काय करायचं, इथे निदान मेणबत्त्या आहेत. खरंच होतं ते. तडा गेलेल्या मेणबत्त्या मी ओळीने पेटवून ठेवल्या होत्या, त्यांचा आणखी काय उपयोग? गल्लीच्या दोन्ही बाजूंची घरं आत शिरली. म्हातारे, बायका, स्टुलं, एक झोपलेलं मूल. गोयकोसुद्धा आला, खालच्या गल्लीत जाता जाता. शेवटच्याने दार घट्ट लावलं आणि नमद्याची पट्टी पायाने दाबून बसवली. सासूबाईंनी टाकीशेजारच्या बर्नरवर आलुबुखाराची दारू साखर घालून उकळायला ठेवली.

"चूक बिचाऱ्या गोयकोची नाही. नगरपालिकेची," एक म्हणाला.

"नगरपालिकेचं नाव काढू नकोस, माझा मेव्हणा तिथे आहे!"

"म्हणून तर म्हणतोय!"

"शेगडी उत्तरेच्या भिंतीला बांधतं का कुणी?"

"माझ्या नवऱ्याने बांधली होती," सासूबाई गरजल्या. "आहे काही म्हणणं?"

मी कोपऱ्यात वात बुडवत होतो, कारण रडत उभं राहण्यापेक्षा ते बरं. एक थर दिला, दुसरा दिला. टांगली, आणि डोळे मिटून 'टक्‌'ची वाट बघत राहिलो.

आवाज आलाच नाही.

मी डोळे उघडले. खिडकीवरची बर्फाची झाडं वरून वितळत होती. माझ्या कपाळाला घाम होता. ती माणसं! त्या माणसांच्या अंगाची ऊब होती ती, त्यांच्या बोलण्याची, त्यांच्या त्या कढत दारूची. जो तो घसा ताणून भांडत होता, हातवारे करत होता, आणि खोली तापत होती. आयुष्यभर मी समजत होतो की शेजाऱ्यांचे सल्ले काही कामाचे नसतात.

मग मी काय केलं, तर भांडण विझू दिलं नाही. जरा आवाज खाली आला की मी टाकीजवळूनच एखादं लाकूड टाकायचो. "पण मिलुतिन, दोन्ही शेगड्या एकदम लावायच्या असतात का रे?" म्हटलं की पुढचा थर आरामात निघायचा. मी कसा मूर्ख आहे, लहानपणापासून कसा होतो, माझ्या हातून काय काय बिघडलं, याची उजळणी झाली. मी मान डोलवत होतो. मेणबत्ती जाड होत होती.

थोडेच थर उरले होते तेव्हा दार किलकिलं झालं आणि स्तामेंकाबाई आत आल्या. मिलुतिनची दाराकडे पाठ होती.

"कशाला एवढा जीव काढतोयस मेस्त्री?" तो म्हणत होता. "त्या घरची मेणबत्ती विझली. बाईमाणसाने पेटवून ती पेटते होय? आणि कोण जाणार आहे तिथे उद्या?"

सगळ्यांच्या नजरा दाराकडे वळल्या. मिलुतिनने मागे वळून बघितलं आणि तो कानापर्यंत लाल झाला. बाई सरळ टाकीपाशी आल्या आणि मेणबत्तीकडे बघत उभ्या राहिल्या. मग आमच्या लोकांना लाज वाटली की ते जे करतात तेच त्यांनी केलं. खाली बघत कोटाची बटणं लावायला लागले. कुणाला तरी दूध तापवायचं आठवलं, कुणाची कोंबडी आत घ्यायची राहिली होती. पहिले दोघं बाहेर पडले. गार हवेचा लोट आत आला. टांगलेल्या मेणबत्तीतून अगदी बारीक असा आवाज आला, कुरकुरल्यासारखा.

माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. मी ओरडलो, "थांबा! मला काहीतरी सांगायचंय. आरपार वाऱ्याने माणसाला काहीही होत नाही!"

दारातले दोघं तसेच मागे फिरले. सासूबाईंच्या हातातली पळी दारूत पडली.

"काय म्हणालात?"

"काही होत नाही म्हणालो! ते सगळं थोतांड आहे!"

मी जन्मात असा गदारोळ ऐकला नाही. दार धाड्‌कन लागलं. जे गेले होते ते परत आले, येताना घरातल्यांना घेऊन आले. एकाने मानेवरची जुनी गाठ दाखवली, एकाने कानातला कापूस काढून माझ्या नाकासमोर नाचवला. गोयको म्हणाला, माझा काका दोन खिडक्यांच्या मध्ये बसला आणि उठलाच नाही. सासूबाईंनी माझ्यासमोर देसांकाला विचारलं, हा माणूस तू कुठून शोधून आणलास. देसांका माझ्याकडे बघत होती, तिच्या लक्षात आलं असावं, कारण ती आईला म्हणाली, "मला तर आधीपासूनच याच्यात खोट दिसत होती." देव तिचं भलं करो.

तरी दोन थर राहिले होते आणि माझ्याजवळची पाखंडी मतं संपली होती. आवाज ओसरायला लागले. तेवढ्यात माझ्या शेजारून एक शांत आवाज आला.

"मेस्त्री बरोबर बोलतायत." स्तामेंकाबाई. त्यांनी मेणबत्तीवरची नजर हलवली नव्हती. "मी तर रोज खिडकी उघडी टाकून झोपते. दोन्ही खिडक्या. समोरासमोरच्या."

"काय?" मिलुतिन किंचाळला.

"आणि केस ओले असताना."

छप्पर उडालं नाही एवढंच. मी बाईंकडे बघितलं. उद्या ज्यांनी आपल्या दारी यावं म्हणून जीव टांगणीला लागलाय, त्याच लोकांसमोर त्या अख्खी अब्रू चुलीत घालत होत्या, कारण चूल पेटती राहायला हवी होती. मी शेवटचा थर दिला आणि हळूच मेणबत्ती वर काढली. सरळसोट, सोनेरी, बाईंच्या छातीपर्यंत उंच. आणि अंगावर एक रेघ नाही. "झाली," मी पुटपुटलो, पण त्या गोंधळात ते फक्त त्यांनाच ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी मी, देसांका आणि सासूबाई असे आम्ही तिघं त्यांच्याकडे गेलो. योवानदानला कुणी कुणाला बोलावत नाही. ज्याला यायचं तो येतो, आणि नाही आला तर घरच्यांनी समजून घ्यायचं. टेबल लांबलचक मांडलेलं, पोळा, शिजवलेल्या गव्हाचं गोड, वाईन. माणसं मात्र आम्ही तीनच. बाई काळ्या झग्यात, केस चापून बांधलेले, ताठ उभ्या होत्या आणि दाराकडे न बघण्याचा आटोकाट प्रयत्न करत होत्या. सासूबाईसुद्धा गप्प होत्या, यावरून काय ते समजा.

पाद्रीबाबा आले, त्यांनी झगा ठीकठाक केला आणि रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. तेवढ्यात बाहेर पायऱ्यांवर बुटांचा बर्फ झटकल्याचा आवाज आला. एक जोड, मग आणखी एक, मग बराच वेळ थांबेना. मिलुतिन पुढे, मागे सगळी गल्ली. आत येताच त्याने आधी दोन्ही खिडक्या हाताने दाबून बघितल्या.

"बंद आहेत," तो मागच्यांना म्हणाला, आणि सगळे आत आले.

"घरधनी कोण?" पाद्रीबाबांनी विचारलं. "पोळा कुणाबरोबर फिरवायचा?"

मिलुतिनने टोपी काढली, हातात दोनदा फिरवली.

"ही काय समोर उभी आहे," तो म्हणाला. "काल आम्हा सगळ्यांना एकटी पुरून उरली."

बाईंनी काडी ओढली. वात जरा वेळ काळीच राहिली, मग तिने पेट घेतला आणि ज्योत वर आली. मी जन्मभर मेणबत्त्या केल्या, पण एखादी पेटेपर्यंत मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं ते त्याच दिवशी. मग बाईंनी पोळ्याला हात लावला आणि पाद्रीबाबांबरोबर तो फिरवला, स्वेतोझार फिरवायचे तसाच, सावकाश.

मिलुतिनला आता आपल्या चांगुलपणाला कुठे ठेवू नि कुठे नको असं झालं होतं. त्याने टेबलाच्या टोकाशी असलेली मानाची खुर्ची पुढे ओढली. "बसा स्तामेंकाबाई. सकाळपासून उभ्या आहात, दमला असाल."

बाईंनी वाईनची सुरई उचलली.

"घरधनी आपल्या संताच्या दिवशी बसत नसतो, मिलुतिन," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसा."

आणि मिलुतिन बसला.